पिस्तुलाचा दोष की माझा?

"पिस्तूल डावीकडे खाली मारते. सदोष आहे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी हे वाक्य लिहिले. आज ते वाचताना कान गरम होतात. पण मामांनी ते खोडू दिले नाही, म्हणून इथेही सुरुवातीलाच ठेवले आहे.

माझे मामा बंगळूरला यशवंतपुरात राहतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. नेमबाजीचा नाद त्यांना फौजेतच लागला. इतकी वर्षे ते दुसऱ्यांच्या पिस्तुलावर सराव करत होते. यंदा परवाने, अर्ज आणि बरीच वाट पाहणे झाल्यावर त्यांचे स्वतःचे पिस्तूल आले. पॉइंट टू-टूचे, सेमी-ऑटोमॅटिक, स्पर्धेचे. त्यासाठी त्यांनी किती वर्षे पैसे साठवले हे मामींनी मला सांगितले, मामांनी नाही.

सुट्टीत मी तिकडे पोहोचलो तेव्हा मामा म्हणाले, "पिस्तूल नवीन आहे. गाडीचं रनिंग-इन असतं ना, तसं याचंही असतं. पहिल्या काही शे राउंडांत स्प्रिंग सैल होते, भाग एकमेकांना घासून बसतात. तू वही ठेव. प्रत्येक राउंडाचा हिशेब लिहायचा."

परवाना मामांच्या नावावर, त्यामुळे ते आणि रेंज ऑफिसर समोर असतील तेव्हाच मी हात लावायचा, हा पहिला नियम. घरी पिस्तूल एका कुलपात आणि राउंड दुसऱ्या कुलपात.

रेंज शहराबाहेर आहे. पहाटे मामांच्या स्कूटरवर निघायचे. बाजार समितीसमोर कांद्याचे ट्रक उभे असत, त्यांत आपल्या महाराष्ट्राच्या नंबरप्लेटी दिसल्या की मी मोजायचो. मग तुमकूर रस्त्याने पीण्या ओलांडून पुढे.

पहिल्या दिवशी मामांनी पेटी उघडली. आधी बोल्ट मागे ओढून नळी रिकामी असल्याचे मला दाखवले, तिच्यात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घातला, मगच पिस्तूल माझ्या हातात दिले. तेलाचा वास येत होता. वजन किलोच्या थोडे वर. एन.सी.सी.त आपण पॉइंट टू-टूची रायफल झोपून चालवतो, ती दोन हातांत आणि खांद्यावर विसावते. इथे उभे राहून, एकच हात लांब करून. अर्ध्या मिनिटात माझा दंड थरथरू लागला. लाकडी ग्रिप हाताच्या आकाराची होती, पण मामांच्या हाताच्या. त्यांनी ती कानशीने आणि पॉलिश पेपरने आधीच घासून घेतली होती. नशिबाने आमचे पंजे सारखेच निघाले.

मग ट्रिगरची परीक्षा. या प्रकारात ट्रिगरचे वजन किमान १००० ग्रॅम लागते. पिस्तूल नळी वर करून धरायचे, ट्रिगरला एक किलोचे वजन अडकवायचे आणि उचलायचे. ट्रिगर सुटला नाही, तर पिस्तूल पास. ते पास झाले.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपोआप भरली जाते. गोळी पुढे जाते तेव्हा तोच दाब रिकाम्या पुंगळीला आणि बोल्टला मागे ढकलतो. पुंगळी बाहेर उडते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि बोल्ट मॅगझिनमधला नवा राउंड नळीत बसवतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊन जाते. अर्थात झाले तर.

माझ्या हातून पहिल्या दिवशी ५० राउंडांत सात वेळा झाले नाही. कधी पुंगळी अर्धवट बाहेर येऊन बोल्टमध्ये उभी अडकली, कधी राउंड वर चढलाच नाही. आणि २५ मीटरवरच्या टार्गेटवर बहुतेक छिद्रे डाव्या बाजूला खाली. दहाची रिंग ५ सेंटीमीटरची असते, ती कोरीच. मी रायफलच्या फायरिंगमध्ये कंपनीत पहिला आलेला मुलगा. त्यामुळे मला शंकाच आली नाही. वहीत लिहिले, सदोष.

दुसऱ्या दिवशी पाच स्टॉपेज, छिद्रे तिथेच. संध्याकाळी मामा जेवताना म्हणाले, "मग काय, परत पाठवू म्हणतोस?"

मी म्हणालो, "हो मामा, पाठवाच. पैसे दिलेत तुम्ही."

त्यांनी खरोखरच कागद घेऊन विक्रेत्याला पत्र लिहायला घेतले. मामी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. परत पाठवायचे म्हणजे पुन्हा सगळे अर्ज, पुन्हा वाट पाहणे. हे मला तेव्हाही कळत होते. तरी मी गप्प राहिलो, कारण दोष पिस्तुलाचा असला तर माझा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "आज मॅगझिन मी भरतो. तू बघू नकोस."

त्यांनी पाठमोरे होऊन पाच राउंड भरले. पहिला आवाज झाला. दुसरा झाला. तिसऱ्या वेळी ट्रिगर दाबला तर नुसते 'टक'. गोळी सुटलीच नाही, तरी पिस्तुलाचे तोंड डावीकडे खाली झुकले. चांगले बोटभर. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

मामांनी पाचांत एक डमी राउंड मिसळला होता. तो कुठे आहे हे मला माहीत नव्हते. आवाज येणार, धक्का बसणार, या भीतीने मी गोळी सुटण्याआधीच मनगट दाबत होतो. रोज. प्रत्येक वेळी. खरी गोळी सुटते तेव्हा धक्क्यात हे झाकून जाते. डमीने ते उघडे पाडले.

"पुन्हा भरू?" मामांनी विचारले. मी मान हलवली. दहा मॅगझिन झाली, डमी दहा वेळा आला, आणि त्यातल्या आठ वेळा तोंड झुकले.

मग त्यांनी हिशेब करून दाखवला. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर साधारण २२ सेंटीमीटर. पुढची साइट १ मिलिमीटर खाली गेली, तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटीमीटरहून जास्त खाली जाते, म्हणजे दहाऐवजी सहाच्या रिंगमध्ये. आणि मी तर एका मिलिमीटरवर थांबतच नव्हतो.

मी विचारले, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"अंदाज होता. पण मी सांगितलं असतं तर तू मानलं असतंस का?"

मानले नसते.

त्या दिवशी त्यांनी मला एक नियम सांगितला. स्पर्धेत पिस्तूल बंद पडले तर नेमबाजाने पकड न सोडता, तोंड टार्गेटकडेच ठेवून, मोकळा हात वर करायचा. मग अधिकारी येऊन तपासतो. बिघाड खरोखर पिस्तुलाचा किंवा गोळीचा असेल तर तो मान्य होतो. पण सेफ्टी काढायची राहिली, राउंड भरायचा राहिला, किंवा स्वतःच बोल्टला हात लावला, तर अमान्य. म्हणजे दोष कुणाचा, हा प्रश्न नियमातच लिहून ठेवलेला आहे.

मी वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले. एकावर लिहिले 'पिस्तूल', दुसऱ्यावर 'मी'.

चौथ्या दिवशी त्याच डब्यातले ५० राउंड मामांनी मारले आणि ५० मी. मामांचे स्टॉपेज दोन, माझे सहा. ते दोन पिस्तुलाच्या रकान्यात गेले, नव्या कडक स्प्रिंगचे. माझ्या सहांपैकी दोन मॅगझिन भरण्याच्या चुकीचे निघाले. या राउंडाच्या बुडाला कड असते. वरच्या राउंडाची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे, मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. तीन वेळा माझे मनगट सैल होते. तेव्हा बोल्टबरोबर सगळे पिस्तूलच मागे येते, बोल्टला पुरता धक्का मिळत नाही आणि पुंगळी अडकते. उरलेला एक पिस्तुलाचा. म्हणजे सहातले पाच माझे.

मामांच्या घरी रात्री रेल्वेचे भोंगे ऐकू येतात. पहिल्या रात्री मी तीनदा दचकून उठलो होतो. त्या चौथ्या रात्री एकदाही नाही. सकाळी हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "भोंगा तितकाच मोठा आहे. तू त्याची वाट बघायचं सोडलंस."

पाचव्या दिवशी मी तेच केले. आवाजाची वाट न बघता फक्त पुढच्या साइटकडे पाहिले आणि ट्रिगरवरचा दाब हळूहळू वाढवला. छिद्रे काळ्या भागात आली. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त. सहाव्या दिवशी मामांचे स्टॉपेज शून्य, माझा एक. तोही 'मी'च्या रकान्यात.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. अंतिम फेरीत त्यांचे आणि थायलंडच्या खेळाडूचे गुण ३४-३४ असे बरोबरीत सुटले, आणि निकालासाठी दोनदा शूट-ऑफ घ्यावा लागला. पूर्वी ही गोष्ट वाचताना मला फक्त पदक दिसायचे. आता मी विचार करतो, दुसऱ्या शूट-ऑफला हात उचलताना मनात 'पिस्तुलात काहीतरी आहे' असे यायला किती सोपे असेल.

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी ते अर्धे लिहिलेले पत्र मला दिले. "तू फाड," म्हणाले. मी फाडले. मग पहिले पान उघडून ते वाक्य खोडायला पेन काढले, तर त्यांनी हात धरला. "फौजेत नोंद खोडत नाहीत. चुकली तर खाली दुरुस्ती लिहितात आणि सही करतात."

म्हणून त्या वाक्याखाली मी लिहिले: "वरील नोंद चुकीची. पिस्तूल ठीक आहे. नेमबाज रुळतो आहे." आणि सही केली.

वही मामांकडेच आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुढची पाने भरायची आहेत.