न घातलेला म्हाळ

इंग्रजीच्या तासाला एकदा हॅलोविनचा विषय निघाला. 31 ऑक्टोबरची रात्र, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र. अमेरिकेत त्या संध्याकाळी मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात. सर म्हणाले, "पण सगळीच घरे हा सण पाळत नाहीत. काही श्रद्धाळू घरांना भुतांचा खेळ पटत नाही. ती दारातला दिवा मालवतात. काहीजण मुलांना चर्चमध्ये नेऊन तिथे सुगीचा कार्यक्रम करतात. काही नुसता खाऊ वाटतात. एकाच घरात दोन मते असली तर तीही काहीतरी वाट काढतात." वर्गात भुतांवरून हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. गेल्या भाद्रपदातले आमचे घर डोळ्यांपुढे उभे राहिले.

आमचे घर बौद्ध. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्या लाखोंत माझे पणजोबा होते. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. ती आमच्या घरी काटेकोर पाळतात. त्याला कारणही आहे. पणजोबा गावचे येसकर. भाद्रपदात गावात घरोघर म्हाळ घालीत. पहिला घास कावळ्याला, मग पंगत, आणि उरलेसुरले दिवेलागणीला आमच्या टोपल्यात. वडील, म्हणजे आमचे दादा, हे सांगताना नेहमी म्हणतात, "कावळ्याच्या मागनं आपला नंबर हुता."

आजोबा त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेले. जलदान विधी झाला, विहारात पुण्यानुमोदन झाले. सगळे धम्माप्रमाणे पार पडले. आणि गेल्या भाद्रपदात आजी एकाएकी म्हणाली, "अवंदा ह्यांचा म्हाळ घालायचा."

दादा थाळीवरून उठलेच. "आये, आण्णांनी जल्मात कुणाचा म्हाळ घातला न्हाई. आन् त्यांचाच घालायचा?"

"बामन नगं, मंतर नगं. कावळ्याला नुसता घास टाकीन. त्यात धम्म कुटं बुडतोय?"

आजीच्या माहेरी पंढरीची वारी होती. लग्न होऊन ती बौद्ध घरात आली, पंचशील म्हणू लागली, पण माहेरचे काही मनाच्या कोपऱ्यात राहिलेच. दादांना ते ठाऊक होते, म्हणूनच ते कडक बोलले. तेवढ्यात मी मध्ये पडले. दादांची बाजू घेतली, तीही पुस्तकी भाषेत. म्हटले, "आजी, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. मेलेला माणूस कावळा होऊन येत नाही."

आजीने माझ्याकडे पाहिले. "तू शिकल्याली हाईस बाय. तुजंच खरं आसंल," एवढे बोलून ती आत गेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्या शिक्षणाचा पहिला वार मी आजीवर केला होता.

रात्री तिला झोप नव्हती. मी पाय चेपायला बसले, तेव्हा ती आपणहून बोलली. "दवाखान्यात शेवटाला पुरनपोळी मागत हुते. साखर वाढल्याली. डाक्टर नगं म्हनला. मी म्हनलं, घरी गेल्याव करून घालीन. घरी आलंच न्हाईत. कावळा म्हंजी त्ये न्हवं, येवडं मला कळतंय की. पर ती पोळी कुनाला तरी द्याची ऱ्हायलीया."

सकाळी दादा थापी-ओळंबा पिशवीत भरून कामावर निघाले होते. मी त्यांना सगळे सांगितले. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र हरभऱ्याची डाळ आणि गूळ घेऊन आले. म्हणाले, "आये, अमावास्येला न्हाई करायचं. दसऱ्याला कर. धम्मचक्र प्रवर्तन दिन पाळतोय आपण. वंदना झाली की वस्तीतल्या पोरांना वाढ, आण्णांच्या नावानं."

सर्वपित्री अमावास्या आली आणि गेली. आमच्या चुलीवर त्या दिवशी वेगळे काही शिजले नाही. आजी दिवसभर गप्प होती, जेवलीही अर्धीच. दादांनाही घास गोड लागला नसावा. पुढे दहा दिवसांनी दसरा. विहारात वंदना झाली, आणि आजी पहाटेपासून लाटलेल्या पोळ्या घेऊन पंगतीत वाढायला उभी राहिली. पोरे मागत होती, ती तूप सोडत होती. कितीतरी दिवसांनी मी तिला तशी पाहिली.

घरी आल्यावर तिने पदराआडून एक पोळी काढली आणि परड्यातल्या गडग्यावर ठेवली. दादांनी ते पाहिले. माझ्या पोटात धस्स झाले. दादा आत गेले, करवंटीत पाणी घेऊन आले आणि पोळीशेजारी ठेवले. "गोड खाऊन पाखरं तहानतील," एवढेच म्हणाले.

नंतर भावकीतल्या एकाने टोमणा मारलाच, "म्हाळच झाला की हा!" दादा म्हणाले, "आईनं पोरं जेवाय घातली. पोरास्नी इचार, म्हाळ हुता का."

कोण जिंकले, हे मला आजही सांगता येत नाही. दादांची प्रतिज्ञा मोडली नाही, एवढे मी मानते. सगळे तसे मानणार नाहीत. 'अंधश्रद्धा' हा शब्दही मी टाकलेला नाही, तो लागतोच. पण तो कुणाला लावण्याआधी, त्या माणसाचे कुणाला काय द्यायचे राहून गेले आहे, हे विचारायला शिकते आहे.

आजीची माफी मात्र अजून मागितलेली नाही. तिला वाचता येत नाही. हा अंक हाती आला की तिच्या पायाशी बसून हे तिला वाचून दाखवणार आहे.