काचेतलं पाणी

वाफेच्या इंजिनाचं कौतुक करणारे आगीबद्दल बोलतात. फावडं, निखारे, धूर. फोटोही धुराचेच. नेरळ-माथेरानच्या गाडीवर मी फायरमन होतो तेव्हा मला आगीचं फारसं भय नव्हतं. आग मंदावली तर गाडी फार तर घाटात उभी राहते. भय पाण्याचं.

१९०७ सालची ही लाइन, दोन रुळांत दोनच फुटांचं अंतर, आणि अवघड जागी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. ओरेनस्टाइन अँड कोपेलची जर्मन इंजिनं वळणांसाठीच घडवलेली: सहा चाकं, पुढचा नि मागचा आस पोकळ, त्याच्या पोटात दुसरा आस, मधोमध गोळ्यावर पेललेला. बाहेरची चाकं वळणाबरोबर वळत, आतला आस मात्र सरळच राही. ही करामत बघायला मी शेडमध्ये कितीदा तरी इंजिनाखाली शिरलो असेन. चढावर मात्र अशी युक्ती नव्हती. तिथे बॉयलर तिरका होई आणि आतलं पाणी मागे सरके.

धुरांडं चढाकडे असलं की पाणी फायरबॉक्सच्या बाजूला साचतं. पाण्याची पातळी दाखवणारी काचही तिथेच, त्यामुळे ती भरलेली दिसते. शिवाय रेग्युलेटर उघडा, वाफ ओढली जातेय, म्हणून उकळतं पाणी फुगून आणखी वर चढतं. काच दोनदा खोटं बोलते. जुम्मापट्टीला गाडी सपाटीवर आली, रेग्युलेटर मिटला, की दोन्ही खोटी एकदम उघडी पडतात आणि पाणी झरकन उतरतं. फायरबॉक्सचं छत कोरडं पडलं तर लेड प्लग वितळतो आणि वाफ आगीवर सुटते. प्लगनेही दगा दिला तर बोलायलाच नको.

ड्रायव्हर म्हणायचे, "पोरा, काच कमी बघ, रूळ जास्त बघ." पण बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर मनाला येईल तेव्हा लावता येत नाही. गार पाणी आत गेलं की प्रेशर पडतं, नेमकं चढावर. म्हणून वाटेत थोडं थोडं द्यायचं, आणि थांब्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसू लागला की फुकट जाणाऱ्या त्या वाफेवर इंजेक्टर चालवायचा.

उतरताना कसब ब्रेक्समनांचं. शिटीचा इशारा ऐकून डब्याडब्यावर हाताने ब्रेक आवळणाऱ्या या माणसांचा फोटो कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

निघण्याआधी काच तपासायची. खालचा कॉक उघडून पाणी सोडायचं, पुन्हा बंद करायचा. पाणी उसळून वर आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर काचेकडे येणाऱ्या पाण्याच्या वाटेत क्षार साचलेत. मग काच कितीही भरलेली दिसो, तिच्या भरवशावर गाडी काढायची नाही.