फुकटची हमाली

फुकट काम करणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे दोनच तर्क होतात. एक तर हा निवडणुकीला उभा राहणार, नाहीतर ह्याला घरात कुणी विचारत नाही. मी गेली तीन वर्षं रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा एक फुकट काम करतो. निवडणुकीला उभा राहणार नाही, हे इथे लेखी देतो. दुसऱ्या तर्काबद्दल आमच्या सौ.चं मत वेगळं घ्यावं.

काम असं की, हिशेब ठेवायच्या एका सॉफ्टवेअरमधल्या इंग्रजी पाट्या मी मराठी करतो. हे सॉफ्टवेअर 'ओपन सोर्स' आहे. म्हणजे त्याच्या पोटात काय आहे ते कुणीही पाहावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. आमच्या शेजारच्या काकू पुरणपोळीची कृती सांगतात, पण एक जिन्नस हटकून गाळतात. ओपन सोर्स म्हणजे ह्याच्या बरोब्बर उलट.

ह्या वेडाला मोठी परंपरा आहे. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली जाहीर केलं की, संगणकाची एक अख्खी प्रणाली लिहितो आणि सर्वांना वापरायला देतो. त्यातलं 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे, स्वातंत्र्य, हे लोकांना समजावण्यात त्याची हयात चालली आहे. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन शब्द आहेत. तो सदाशिव पेठेत जन्मला असता तर त्याचे निम्मे श्रम वाचले असते. पुढे १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने कळवलं की, मी आपला हौस म्हणून एक छोटंसं काहीतरी करतोय. त्या हौसेचं नाव लिनक्स. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या मुळाशी तीच हौस आहे.

आता तुम्ही म्हणाल, ज्याला त्याला आत हात घालता आला तर सगळा गोंधळ होईल. अहो, तसं नाही! बँकेत जसा 'मेकर' आणि 'चेकर' असतो, तसंच इथेही. मी बदल पाठवायचा, दुसऱ्याने तपासायचा, मगच तो आत. माझा चेकर मूळचा नाशिकचा, राहतो जर्मनीत, वय २६. मला 'काका' म्हणतो आणि माझे शब्द परत पाठवतो.

'सेव्ह'ला काय म्हणायचं यावर आमचा वाद अकरा दिवस चालला. तो म्हणे 'जतन करा'. मी म्हणे, जतन आजीची नथ करतात, फाइल साठवतात! एवढ्या वेळात बँकेत घराचं कर्ज मंजूर होतं. शेवटी, लोकांना इतर ठिकाणी 'जतन करा'चीच सवय झाली आहे, म्हणून तेच ठरलं. मतभेद नोंदवून मी सही केली.

पण हिशेबाच्या शब्दांवर मी हटलो नाही. 'डेबिट'ला नावे, 'क्रेडिट'ला जमा, 'लेजर'ला खतावणी, 'ट्रायल बॅलन्स'ला तेरीज. चिरंजीवांनी 'तेरीज' वाचून विचारलं, "बाबा, हा आजार आहे का?" मात्र परवा एका बचतगटाच्या खजिनदार बाई काउंटरवर आल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या कॉम्प्युटरवर आता खतावणी असं सरळ लिहून येतं गं, पोरीला विचारावं लागत नाही." मी पासबुक छापत होतो. बोललो काहीच नाही. पासबुक मात्र दोनदा छापायचा मोह झाला.

या मंडळींत खरी कीव येते ती सांभाळणाऱ्याची. त्याची गत सोसायटीच्या मानद सेक्रेटरीसारखी. पगार शून्य, आणि पाणी गेलं की तक्रार त्याच्याच दारात. 'एक्सझेड' नावाचं, फाइली दाबून लहान करणारं एक साधन असाच एक थकलेला माणूस एकटा सांभाळत होता. काम सावकाश होतं म्हणून लोकांनी बोल लावले. तेव्हा 'जिया टान' या नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं इमानाने राबलं, विश्वास कमावला, किल्ल्या मिळवल्या, आणि २०२४ साली आत चोरदरवाजा बसवला. तो जगभरच्या सर्व्हरांत पसरायच्या बेतात होता. पकडला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. का, तर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता!

दहा पैशांच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत बसलेल्या कारकुनाला या माणसाला साष्टांग नमस्कार घालावासा वाटतो. पण माझ्या मनात राहिला तो दुसरा, थकलेला. त्याला आधी कुणी चार बरे शब्द बोललं असतं, तर किल्ल्या द्यायची वेळ आली असती का, कोण जाणे.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी आमच्या सॉफ्टवेअरच्या मुख्य सांभाळणाऱ्याला एक ओळ लिहितो : 'काम छान चाललंय. घाई नाही, सवडीने करा.' वीस वर्षांच्या नोकरीत काउंटरपलीकडून हे वाक्य मला एकदाही ऐकू आलेलं नाही. पहिल्या खेपेला त्याचं उलट उत्तर आलं, 'ठीक आहे, पण तक्रार काय आहे?'