जवारीचे छायाचित्र

भीमेवरील उजनीच्या जलाशयात आमचे जुने पळसदेव गाव गेले, तथापि उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे पळसनाथाचे प्राचीन देवालय पुन्हा उघडे पडते, आणि त्याच्या छायाचित्रणाच्या निमित्तानेच कॅमेरा माझ्या हाती आला. हीच भीमा पुढे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या मुलुखात जाते, व तेथील मळ्यांत पिकणारे कडू भोपळे मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी रवाना होतात, असे कळल्यावर आपणही त्यांच्या मागोमाग जावे असे मनाने घेतले, आणि कुर्डुवाडीहून गाडी धरून मी मिरज गाठली.

शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात, पटवर्धन संस्थानिकांच्या अमदानीत, तेथे तंतुवाद्यांचा हा व्यवसाय रुजविला. तलवारींची मागणी संपली, पण हाताचे कसब संपले नाही. ज्या कारखान्यात मला बसण्याची परवानगी मिळाली, तेथे कारखाना म्हणण्याजोगे काहीच नव्हते: एक अरुंद, धुळीने भरलेली खोली, आढ्याला टांगलेले भोपळे, आणि दारातून येणारा तिरपा प्रकाश. पाण्यात मऊ केलेल्या भोपळ्याचे तोंड कापून त्याला आकार देणे, गळा जोडणे, तुणीच्या लाकडाची दांडी व तबली बसविणे, पूर्वी हस्तिदंताची व आता प्लास्टिकची नक्षी जडविणे, ही सर्व कामे डोळ्यांना दिसतात, म्हणून ती टिपणे सोपे. छायाचित्रकाराने त्यांवर फारसा गर्व करू नये.

खरी कसोटी जवारीची, म्हणजे तारेचा स्वर खुलविण्याची. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानशीने किंचित घासायचा, तार छेडायची, तिच्याखालचा सुताचा धागा केसभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचे. असे करता करता एका क्षणी तार रुंद होते आणि तिच्यातून स्वरांचे वलय उमटू लागते. मी नेम धरला, तोच जवारी लावणाऱ्या वृद्ध कारागिरांनी मान न वळविता बोट वर केले.

"थांबा साहेब, तार बोलतीय."

खटक्याचा आवाजही तेथे उपद्रव ठरला असता. मग मी घोडी व कानस सोडून त्यांच्या चेहऱ्याकडे कॅमेरा वळविला आणि कानस खाली ठेवली जाईपर्यंत वाट पाहिली. मिटलेले डोळे, किंचित कललेली मान. माझ्या मते त्या कामाचे प्रामाणिक छायाचित्र तेवढेच.

अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गायक ज्या गावी राहिला, तेथील कारागिरांचे कान असे तयार व्हावेत यात नवल नाही. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली, हे उचितच झाले; परंतु सनदेने नाव राखले जाते, कान घडत नाही, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे मांडी घालून बसणारी तरुण मुले हवीत. वाचकांपैकी कोणाला तंबोरा घ्यावयाचा असेल, तर त्याने दुकानातील तयार नग उचलण्याऐवजी मिरजेस जाऊन आपला स्वर सांगून तो करवून घ्यावा, आणि जवारी चालू असताना कृपा करून बोलू नये.