चाकांवरचें बिऱ्हाड

प्रवासाला निघालेल्या मनुष्यानें घर विसरावें, असें प्रवासवर्णनें लिहिणारे सांगतात. आम्हांस मात्र गेल्या फेब्रुवारींत घरच बरोबर घेऊन हिंडण्याचा प्रसंग आला, आणि तोहि वरुडापासून हजारों कोस दूर, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर. आमचे चिरंजीव तिकडे नोकरीस आहेत. आईबापांस देश दाखवावयाचा तर हॉटेलांतून नव्हे, असा त्यांचा हट्ट. क्राइस्टचर्च येथें त्यांनीं दहा दिवसांकरितां एक मोटार भाड्यानें ठरविली. मोटार कसली, तें बिऱ्हाडच होतें! दिवसा जेवावयाचें मेज रात्रीं पाडलें कीं त्याचा पलंग होई, चुलीखालीं शीतपेटी, माथ्यावर मुलासुनेची झोपण्याची माडी. तिकडे वाहनें आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें चालतात, त्यामुळें चिरंजीवांच्या शेजारीं बसून आम्हांसहि सूचना देतां येत होत्या. त्यांचा उपयोग कोणी केला नाहीं, ही गोष्ट वेगळी.

प्रवासाचा आरंभ मात्र नामुष्कीनें झाला होता. आमच्या कुटुंबानें नातलगांसाठीं मृगबहाराचीं सहा संत्रीं पिशवींत घातलीं होतीं. त्या देशांत फळांवरून कीड शिरूं नये म्हणून मोठा पहारा आहे. जवळचें फळ सांगितलें नाहीं तर ४०० डॉलर दंड बसतो. आम्हीं निमूटपणें सांगितलें, आणि विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणविणाऱ्या तालुक्याचे आम्ही संत्रीं पिंपांत टाकून रित्या हातांनीं बाहेर पडलों.

लहानपणीं आम्ही बहिरमच्या यात्रेस दमणींतून जात असूं, त्याची आठवण पहिल्याच दिवशीं झाली. वाटेंत दोन मुक्काम पडत. बैल सुटले कीं दमणीच्या आडोशाला तीन दगडांची चूल पेटे. यात्रेंत राहुटी ठोकली कीं गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले जात आणि वांग्याच्या भाजीचा वास साऱ्या माळावर पसरे. टेकापो सरोवराच्या कांठीं आमच्या कुटुंबानें पिठलें केलें, तेव्हां शेजारच्या गाडींतील एक वृद्ध जर्मन जोडपें वासाच्या मागानें आलें आणि जेवूनच गेलें. त्या रात्रीं आम्ही गाडीबाहेर खुर्च्या टाकून बसलों. त्या मुलुखांत रात्रीं दिवे मंद ठेवण्याचा दंडक आहे, आणि २०१२ पासून तो प्रदेश आकाश काळें राखण्यासाठींच जगभर नांवाजलेला आहे. इतके तारे आम्हीं बहिरमच्या वाटेवर पाहिले होते, त्यानंतर तेथेंच.

दमणींत आणि या मोटारींत एकाच गोष्टीचा फरक होता. दमणींतील मंडळींस पहांटे सारें माळरान मोकळें असे. येथें तसें चालत नाहीं. मोकळ्या सार्वजनिक जागेवर रात्र काढावयाची तर गाडी स्वयंपूर्ण असल्याचा दाखला बहुधा लागतो, आणि २०२३ च्या सुधारलेल्या कायद्यानें त्या दाखल्याकरितां शौचाची सोय गाडींत पक्की बसविलेली असावी लागते. आमच्या गाडींत ती होती. ती चुलीपासून दोन हातांवर असल्यामुळें आमच्या कुटुंबानें पहिला दिवस चहावर काढला. दुसऱ्या दिवशीं भूक जिंकली.

त्या सोयीच्या खालीं एक पेटी असते. तींत निळें औषध घालतात, आणि दोन दिवसांनीं ती भरली कीं गाडीच्या बाहेरच्या अंगास असलेल्या एका लहान दारांतून ओढून काढतात. गांवोगांवीं ती रिती करण्याच्या जागा बांधलेल्या आहेत. शेजारीं धुण्यासाठीं निराळा नळ असतो. अशा एका ठिकाणीं चिरंजीवांनीं गाडी थांबविली, हातमोजे चढविले, आणि पेटी हातांत धरून ते निघाले. त्यांच्यापुढें रांगेंत एक गृहस्थ आपली पेटी घेऊन उभे होते. दोघांनीं हवापाण्याच्या गप्पा मारल्या, जसें आपल्याकडे दुधाच्या रांगेंत मारतात.

आम्ही मात्र त्या लहानशा दाराकडे पाहत राहिलों. तसेंच दार आम्हीं पूर्वीं पाहिलें होतें. वरुडांतील आमच्या जुन्या घरीं पाटीचा शेतखाना होता. त्याची मागली बाजू बोळांत उघडे, आणि तेथें गुडघाभर उंचीचें पत्र्याचें दार होतें. रोज सकाळीं एक बाई त्या बोळांतून येई. ती आली हें पत्र्याच्या आवाजावरून कळे. ती उंच होती कीं ठेंगणी, हें आज आम्हांस सांगतां येणार नाहीं, कारण आम्ही तिला पाहत नसूं. आवाज आला कीं आई आम्हांस पुढच्या अंगणांत पिटाळी.

यांत आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्हीं आयुष्यभर शाळेंत मास्तरकी केली. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यांतले. शेंडगांवीं १८७६ त जन्मले, आणि १९५६ च्या डिसेंबरांत वलगांवजवळ त्यांनीं देह ठेवला. प्रत्येक पुण्यतिथीस शाळेंत भाषण आमचेंच असे, आणि तें चांगलें होई असा लौकिक होता. बाबांचा खराटा, डोक्यावरचें गाडगें, दिवसा गांव झाडून रात्रीं कीर्तन, हें सांगतांना आमचा कंठ दाटून येई. मैला वाहून नेण्यासाठीं माणसें लावण्यास बंदी करणारा कायदा १९९३ त झाला, २०१३ त अधिक कडक झाला. तोहि आम्हीं मुलांस समजावून दिला. खराटा मात्र स्वच्छतासप्ताहांत, छायाचित्र निघेपर्यंत हातीं धरला असेल, तेवढाच.

लिंडिस खिंड ओलांडून आम्ही क्रॉमवेलला पोंचलों. हा फळबागांचा मुलूख. पाऊस तुटपुंजा, बागा कालव्यांच्या व नद्यांच्या पाण्यावर उभ्या. संत्र्यासाठीं शेंकडों फूट खोल बोअर खणणाऱ्या गांवचे आम्ही. तें पाहून हेवा वाटला. धरणाच्या पाण्याखालीं त्या गांवाचा जुना भाग १९९२-९३ त गेला, हें कळल्यावर आमच्या अप्पर वर्ध्याखालीं गेलेलीं गांवें आठवलीं, आणि हेवा थोडा निवाला. यावर पुष्कळ लिहितां येईल, पण त्या दिवशीं आमचें लक्ष बागांत नव्हतें. पेटी पुन्हां भरली होती.

“आज मी नेतों,” आम्हीं म्हटलें.

“बाबा, तुम्ही राहूं द्या,” चिरंजीव म्हणाले. सूनबाईनें दुसरीकडे पाहिलें. आमच्या कुटुंबानें मात्र मोजे आणून पुढें केले आणि म्हणाल्या, “अहो, सदऱ्याच्या बाह्या वर करा.”

पेटी वाटली त्यापेक्षां जड होती. हातांस ओढ बसली, पावलें जपून टाकावीं लागलीं. तोटी फिरवून ती उलटी केली, तेव्हां आम्हीं तोंड फिरविलें. मग फिरविलें नाहीं. दोनदां पाण्यानें खंगाळली. वर्णनासारखें त्यांत विशेष कांहीं नाहीं. सारें मिळून पांच मिनिटांचें काम. मोजे काढल्यावरहि आम्हीं हात तीनदां धुतले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्या बाईच्या हातांत मोजे नसत. पाण्याच्या नळाला तर ती शिवूंहि शकत नव्हती. आई उंचावरून तिच्या ओंजळींत पाणी ओती.

रात्रीं आम्हीं वरुडास थोरल्या बंधूंस फोन लावला. तिकडे दुपार होती. तब्येतपाणी झालें, बागेची गळ किती झाली तें झालें. मग आम्हीं विचारलें, “दादा, मागच्या बोळांतून येणाऱ्या त्या बाईचें नांव काय होतें?”

बराच वेळ ते बोलले नाहींत. मग म्हणाले, “दिवाळीले तिले जुनं लुगडं देत होतो, येवढं याद आहे. नाव कोनं इचारलं होतं तिले? माय असती त तिनं सांगतलं असतं.” थोडें थांबून म्हणाले, “का माईत, तिलेई माईत नसन.”