पुठ्ठा कोणी हलवला?

मी पडलो कॉन्व्हेंटवाला, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी सांभाळून घ्यावं!

आमचा मिनी प्रोजेक्ट होता अल्ट्रासॉनिक आवाजाने अंतर मोजण्याचा. मी आणि माझा रूम पार्टनर. होस्टेलच्या गच्चीवर २ मीटरवर पुठ्ठा उभा केला. सकाळी रीडिंग २०० सेंटिमीटर, एकदम झकास. मेसमधून जेवून येतो तर १९५! "तूच पुठ्ठा हलवलास," मी म्हणालो. तो नाही म्हणाला. शब्दाला शब्द वाढला. शेवटी मी जर्नलमध्ये दुपारचेही २००च ठोकून दिले, आणि आठवडाभर आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो.

मग सेमिनारला विषय मिळाला 'व्हीएलबीआय'. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसारचा रेडिओ सिग्नल दोन खंडांवरच्या डिशवर थोडा मागेपुढे पोचतो. हायड्रोजन मेसरच्या घड्याळांवर तो फरक मोजायचा आणि दोन डिशमधलं अंतर काढायचं. ऑस्ट्रेलिया वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतोय, हे यातूनही दिसतं! तिथे होबार्टला १२ मीटरची डिश २०१० मध्ये सुरू झाली. दोनच पट्टे ऐकणारा तिचा रिसीव्हर नंतर बदलून रुंद पट्ट्याचा बसवला. या नव्या 'व्हीजीओएस' पद्धतीत साधारण २ ते १४ गिगाहर्ट्झ ऐकायचं असतं. लक्ष्य १ मिलिमीटर, म्हणजे प्रकाशाचे जेमतेम ३.३ पिकोसेकंद. (आपल्या खोडदचं जीएमआरटी १.५ गिगाहर्ट्झच्या खाली ऐकतं, त्यामुळे हे काम त्याचं नाही. सेमिनारला सगळे हेच विचारतात.)

पण मी अडकलो केबलपाशी. केबल उन्हाने तापली की सिग्नलला लागणारा वेळ बदलतो. लक्ष दिलं नाही तर वाटेल, जमीनच सरकली! म्हणून रिसीव्हरच्या तोंडाशी ठरावीक पल्स सोडून यंत्राची स्वतःची चूक मोजत राहतात. केबलमधला उशीरही वेगळा मोजतात. डिश तापून फुगते, तिचाही हिशोब ठेवतात.

तापली! माझी ट्यूब तेव्हा पेटली. आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. सकाळी १८ अंश, दुपारी ३३. म्हणजे ९ मीटरचा फरक, अडीच टक्क्यांहून जास्त. २ मीटरला बरोबर ५ सेंटिमीटर. आम्ही वेग सकाळचाच धरून बसलो होतो. पुठ्ठा जागचा हललाच नव्हता.

रात्री कागद घेऊन त्याच्या कॉटपाशी गेलो. त्याने गणित दोनदा तपासलं. सॉरी म्हणायला मला शब्द सापडेना, मराठीतही नाही आणि इंग्लिशमध्येही नाही.

"दुपारची खरी रीडिंग्ज माझ्या वहीत आहेत," तो म्हणाला आणि वही माझ्याकडे सरकवली.