उभी कोंबडी

'बिअर कॅन चिकन' हे नाव ऐकले की आपल्याकडचा माणूस धरून चालतो, की बिअरची वाफ होऊन ती मांसात मुरत असणार. अमेरिकेतही पुष्कळांची हीच श्रद्धा आहे! दक्षिणेकडच्या परसांत आणि बार्बेक्यूच्या स्पर्धांत रुळलेला हा प्रकार स्टीव्हन रायक्लेन यांच्या २००२ सालच्या पुस्तकाने सर्वदूर नेला. अर्धी बिअर उरलेला कॅन मसाला चोळलेल्या कोंबडीच्या पोटात खुपसायचा, कॅन आणि दोन तंगड्या अशा तिवईवर तिला उभी करायची, बाजूला निखारे, वर झाकण. एवढीच कृती.

ऑस्टिनला लेकीकडे गेलो ते सौ.ची केमो संपल्यावर. कच्चट मांस वर्ज्य, असे बेळगावच्या डॉक्टरांनी बजावलेले. पण तिने कित्येक महिन्यांनी आपणहून "कोंबडी खाईन" म्हटले होते. जावईबापू धारवाडचे, हौशी. ते म्हणाले, "मामा, रविवारी करूच."

शनिवारी आम्ही दोघे दुकानात गेलो. कोंबडी उभी करायच्या स्टीलच्या बैठका, चिनी मातीच्या कुंड्या, नाना तऱ्हा! जावयांचा डोळा सर्वांत महागड्या बैठकीवर. मी म्हटले, आधी झाकणाचे बघू. त्यांच्याकडे बावीस इंची गोल शेगडी होती. १९५२ साली जॉर्ज स्टीफन या गृहस्थाने समुद्रातल्या बोयाचा धातूचा गोळा कापून बनवली, त्या घाटाची. घरी येऊन कॅनवर कोंबडी बसवून, कोळसा पेटवण्याआधीच झाकण लावून पाहिले. मानेला टेकले नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला. बैठक घेतली ती साधी तारेची, रुंद पायांची. नुसत्या कॅनवर कोंबडी कलंडते, आणि आत गरम पातळ असते.

खरा खर्च केला थर्मामीटरवर. कारण सरळ आहे. कॅनने पोट बुजते, गरम हवा आत शिरत नाही. बाहेरची कातडी तांबूस झाली तरी आत कच्चे राहू शकते. मांस ७४ अंश सेल्सियसला शिजते, बिअर उकळायला शंभराच्या आसपास लागतात. म्हणजे बिअर उकळेपर्यंत थांबाल तर कोंबडीचे लाकूड होईल. (शिवाय कॅनला बाहेरून रंग आणि आतून प्लॅस्टिकचा लेप असतो, तो भाजणे मला पटत नाही. आम्ही कॅन काढून टाकला. तारेच्या बैठकीत पोट मोकळे राहिले, बिअर जावयांच्या पेल्यात गेली.)

सव्वा तासाने जावई ओरडले, "मामा, बेंदैती!" लेक म्हणाली, "शिजलंय कसलं, आधी मोजा." मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, सुई खुपसली. ६८. पुन्हा झाकण. त्या दहा मिनिटांत कोणी कोणत्याच भाषेत बोलले नाही. मग ७६, छातीतही ७५. चिमट्याने दोघांनी मिळून उतरवली, थोडी मुरू दिली.

सौ.ने तंगडी संपवली. मग म्हणाली, मीठ कमी आहे, आणि लिंबू कुठाय?